डाव्या बाजूचं फौंडेशन

मुळगावच्या रस्त्यावर शांताराम गवसची शेड शोधावी लागत नसे. रस्त्याकडेला खाणीच्या पट्ट्याची काळी गुंडाळी मेलेल्या अजगरासारखी पडलेली दिसली की गाडी डावीकडे घ्यायची.

पट्टा म्हणजे खाणीवर खनिज वाहून नेणारा जाड रबरी पट्टा. आत कापडाचे थर, वरखाली रबर. झिजला की तो भंगारात निघे आणि डिचोलीच्या आसपास घरोघर पोचे. कुणी तो गोठ्यात गुरांच्या पायाखाली घाली, कुणी ट्रकच्या चाकामागे चिखल अडवायला लावी, कुणाच्या न्हाणीघराचं दारही त्याचंच असे. शांताराम त्याची फौंडेशनं करी. इंजीन चासीवर जिथे टेकतं तिथे मधे रबराची उशी लागते, नाहीतर त्याची थरथर सगळ्या गाडीत शिरते. या उशीला मेकॅनिक लोक फौंडेशन म्हणतात. कंपनीचं हवं तर बाहेरून मागवावं लागे, आणि खाणीवरचा ट्रक तोवर उभा ठेवणं कुणाला परवडत नसे. शांताराम पट्ट्याचा तुकडा कापी, लोखंडाच्या दोन चकत्यांमधे ठेवी, मधोमध भोक पाडी आणि आरपार जाडजूड बोल्ट आवळी. ट्रक पुन्हा खाणीवर.

"डोंगर वाह्यलो हा ह्या पट्ट्यान," तो म्हणे. "तुमचा इंजीन तेका काय जड?"

तो मूळचा दोडामार्गाकडचा. गोवा मुक्त झाल्यावर खाणी वाढत गेल्या, तशी पलीकडच्या गावांतली माणसं कामाला या बाजूला उतरली, त्यांत तोही उतरला. आधी खाणीच्या वर्कशॉपात वेल्डरच्या हाताखाली, मग स्वतः वेल्डर, मग ही शेड. शेडीमागे दोन खोल्यांचं घर. मुलगी लग्न होऊन सावंतवाडीला गेलेली. घरात तो आणि बायको जानकी. बोलणं तुसडं, हात चांगला. मोजपट्टीपेक्षा बोटांवर भरवसा अधिक. चालू इंजिनाला लोखंडी सळी टेकवून दुसरं टोक कानाला लावायचा आणि दोष सांगायचा. बहुतेकदा तो बरोबर निघे. चुकला तर कबूल करीत नसे, आणि गिऱ्हाईकही फार ताणत नसे, कारण पुढचा भरवशाचा मेकॅनिक म्हापशात.

नव्वदच्या दशकात एका मे महिन्यात पेडण्याचे यशवंत शिरोडकर टेंपोवर लादून एक जुनी काळी गाडी त्याच्याकडे घेऊन आले. जर्मन गाडी, पोर्तुगीज अमदानीत बोटीने मुरगावला उतरलेली. यशवंतच्या वडिलांचं पेडण्याच्या बाजारात मोठं दुकान होतं, तेव्हाची ती ऐट. वडील गेले, पेट्रोलवरचं इंजीन जाम झालं, सुटे भाग मिळेनात, आणि गाडी परसातल्या मांगरात जाऊन पडली. कोंबड्या मागच्या सीटवर अंडी घालू लागल्या. यशवंत पणजीला कचेरीत नोकरीला, रोज बसने ये-जा करणारे. गाडीची गरज त्यांना नव्हती. त्यांच्या आईला होती.

देवकीबाईंचं माहेर रेडीला. केरीहून फेरीबोटीने तेरेखोलची नदी ओलांडली की पुढे. माहेरच्या एका लग्नात त्यांचा भाऊ भर पंगतीत म्हणाला होता, "दाजींची गाडी? ती गाडी खंय उरली, कोंबयांचो खुराडो तो." पंगत हसली. देवकीबाई हसल्या नाहीत. घरी आल्यावर त्यांनी मुलाला सांगितलं, "मरच्या आदी त्याच खुराड्यात बसान माहेरा जावन येतलंय. काय करूचा ता कर."

यशवंतनी एका अपघातातल्या गाडीचं डिझेल इंजीन मिळवलं होतं, जपानी बनावटीचं, गिअरबॉक्ससकट. शांतारामने ते फिरून पाहिलं. मग काळ्या गाडीचं पुढचं झाकण वर करून आतल्या पोकळीत डोकं घातलं आणि बराच वेळ काढलं नाही.

"बसतला," तो बाहेर येत म्हणाला.

बसवण्यात अख्खा पावसाळा गेला. चासीवरचे फौंडेशनचे लोखंडी कान जुन्या इंजिनाच्या मापाचे होते. नव्याचे पाय त्यांच्या वीतभर पुढे पडत. तसं जुळवून बसवलं तर इंजिनाखालचं तेलाचं चेंबर स्टिअरिंगच्या आडव्या दांड्यावर टेके. इंजीन वर उचललं तर झाकण मिटेना. मागे सरकवलं तर गिअरबॉक्स बसणाऱ्याच्या पायात. शांतारामने जुने कान कापून टाकले, नवे वेल्ड केले, मनाला पटले नाहीत म्हणून तेही कापले. शेवटी त्याने इंजीन साखळीच्या कप्पीला टांगलं, किंचित मागे आणि किंचित वर, जिथे ते कुणालाच टेकत नव्हतं तिथे. आणि ते तसं हवेत लटकत असताना त्याच्याखाली कान बनवले. आता एक्सिलेटर राहिला. त्याचा पायाखालून इंजिनापर्यंत जाणारा ताठ लोखंडी दांडा नव्या डिझेल पंपापर्यंत पोचत नव्हता. त्याला सळईचा तुकडा जोडून शांतारामने तो लांब केला. दांडा ओढला गेला की पंपाची खिटी फिरणार, इंजिनाला रेस मिळणार. साधं काम होतं.

गाडी चालू झाली आणि अंगभर थरथरू लागली. आरशात मागचा रस्ता दिसेना, दारांच्या काचा खुळखुळत, स्टिअरिंग धरलेल्या हातांना मुंग्या येत. यशवंत पेडण्यापर्यंत गेले आणि दुसऱ्या रविवारी परत आले.

"मेस्ता, आई म्हणते दातांची कवळी सुटून हातात येईल."

"तेंका सांगा, कवळी पिशयेत घालून बसूक," शांताराम म्हणाला. पण त्याला ते लागलं. त्याने पट्ट्याचे तुकडे बदलून पाहिले, जाड घातले, दोन घातले. थरथर जरा कमी होई आणि परत येई. मग एक दिवस तो सळी कानाला लावून चासीखाली आडवा झाला आणि तिथूनच बोलला, "सापडला."

दोष त्याच्याच बोल्टात होता. थरथर रबरात मरत होती, पण आरपार गेलेल्या बोल्टातून सरळ चासीत उतरत होती. ट्रकमधे ते कुणाच्या ध्यानात आलं नसतं. तिथे सगळंच हादरत असतं. शांतारामने बोल्ट काढून टाकला. वरच्या चकतीला तिचा वेगळा आखूड बोल्ट, खालच्या चकतीला तिचा, आणि मधे नुसता पट्टा, खाणीवर पट्टे सांधायला वापरतात त्या सोल्युशनने दोन्हीकडून चिकटवून शिकंज्यात दाबून ठेवलेला. वरचं लोखंड खालच्या लोखंडाला कुठेच भेटत नव्हतं.

यावेळी गाडी चालू केली तेव्हा यशवंतनी खाली वाकून विचारलं, चालू आहे ना. शांतारामने चासीला सळी लावली. काही ऐकू आलं नाही. त्या वेळी त्याचा चेहरा जानकीने पाहिला होता. मुलीच्या लग्नातही तो इतका खुलला नव्हता, असं ती पुढे सांगायची.

यशवंत झाकणाखाली बघत उभे होते. "पण मेस्ता, मधे बोल्ट नाही. रबर सुटलं तर इंजीन धरून काय राहील?"

"तुमी कचेरीत फायलींका दोरो बांधतास. तुटात म्हणान जागत बसतास काय?"

"फायलीला चाकं नसतात."

"पट्टो सुटलो तर खाण बंद पडात, यशवंतबाब. खाण चालू आसा मा?"

यशवंत हसले. डाव्या बाजूला पंपाच्या तळाशी डिझेलचा एक थेंब धरला होता, तोही त्यांनी दाखवला. जुन्या पंपाचं तेवढं चालतंच, असं शांताराम म्हणाला, आणि कापडाने पुसून टाकला. गाडी गेली. थेंब पुन्हा धरला असणार, आणि त्याच्या बरोबर खाली डाव्या बाजूचं फौंडेशन होतं.

गाडीची बातमी पसरली. मुळगावच्या रघुनाथची जीप खाणीवर भाड्याने लागलेली होती. त्याने तसलंच फौंडेशन मागितलं. त्याची ऐकून आणखी काहींनी मागितलं. शांतारामने करून दिलं.

दिवाळी होऊन गेल्यावर यशवंतनी कचेरीतून शेडीजवळच्या दुकानात फोन करून त्याला फोनवर बोलावून घेतलं. गाडी छान चालते आहे. फक्त चालू करताना एकदा ठक् होतं. आणि परवा धारगळच्या चढावर पाय काढला तरी क्षणभर गाडी तशीच ओढत राहिली.

"नवा रबर आसा. बसता हा," शांताराम म्हणाला. "बसतला."

त्यानंतर थोड्याच दिवसांनी एका सकाळी रघुनाथची जीप दोरीने ओढत शेडीसमोर आणली गेली. रेडिएटर फुटलेला, पंख्याची पाती वाकलेली, पुढचा भाग लाल मातीने माखलेला. रघुनाथ जीपमधे नव्हता. तो मागून चालत आला आणि आल्या आल्या पाणी मागितलं.

"चढार होतंय," तो म्हणाला. "ठक् झाला. आणि मगे जीप उधळली. पाय काढलंय, तरी उधळतां. ब्रेक दाबलंय, तरी फुडे. चावी बंद केलंय तर डिझेल इंजीन, ता खंय बंद जाता? इंजीन बंद करूचो स्टॉपर खेचूक सुचापर्यंत समोरच्या ढिगात घुसलंय. ढीग होतो म्हणान तुझ्या फुड्यात उबो आसंय. ढीग नसतो तर खाल खाणीचा पाणी."

शांतारामने झाकण उघडलं. डाव्या बाजूचं फौंडेशन उघडं पडलं होतं. सोल्युशन सुटलं नव्हतं, ते घट्ट होतं. सुटले होते पट्ट्याच्या आतले थर, चिरोट्याचे पदर सुटावेत तसे. त्याने त्यांत बोट घातलं. आत ओलं होतं. बोटाला डिझेलचा वास आला, आणि रबर नखाने उकरलं तसं निघालं.

तो तसाच वाकून राहिला. पट्टा डोंगर वाहतो ते अंगावर घेऊन; वजन त्याला दाबतं. वर ओढून त्याचे थर सोडवायचं काम खाणीवर कुणी करत नाही. इंजीन मात्र चढावर जोर लागला की डाव्या बाजूने वर उचलू बघतं, प्रत्येक वेळी, आणि आजवर ते आरपार बोल्ट धरून ठेवत आला होता. बोल्ट नसला की थर सुटतात. इंजीन वर उठतं. उठताना ते एक्सिलेटरचा ताठ दांडा ओढून घेतं. दांडा ओढला की रेस वाढते. रेस वाढली की इंजीन आणखी उठतं. पाय काढून उपयोग नाही, कारण रेस पाय देतच नसतो.

पाय काढला तरी क्षणभर गाडी तशीच ओढत राहिली. हे त्याने ऐकलं होतं, फोनवर, आणि उत्तर दिलं होतं.

जानकी पाण्याचा तांब्या घेऊन आली होती. "काय झाला वो?"

"पेडण्याची गाडी," तो म्हणाला.

"म्हातारी बसता मा तेच्यात?"

तो फोन करायला दुकानाकडे गेला. यशवंतच्या घरी फोन नव्हता. शेजारच्या सत्यवतीबाईंकडे निरोप देत. त्यांनीच उचलला.

"ती सगळी आताच गेली रेडीक. देवकीवयनी फुडे बसल्या, शालू नेसान. हॉर्न वाजवीत गेली बघ, सगळो वाडो बघूक इलो."

रेडी म्हणजे केरीची फेरी. शांतारामने तो धक्का पाहिलेला होता. रस्ता उतरत सरळ पाण्यात जातो. तिथे बोट तोंड लावून उभी राहते, आणि गाडीने नदीच्या दिशेने नाक करून उतारावरून बोटीवर चढायचं असतं. बोटीच्या दुसऱ्या टोकाला एक साखळी असते. साखळीपलीकडे नदी, आणि तिथून समुद्र दिसतो.

त्याने पाने पिशवीत टाकले आणि स्कूटर काढली. इंजीन बांधायला कप्पीची साखळी बरोबर घ्यायचं त्याला सुचलं नाही.

अस्नोडा गेलं, कोलवाळचा पूल गेला. धारगळच्या चढावर रस्त्याकडेला काही काळं दिसलं तेव्हा त्याने स्कूटर जवळजवळ थांबवली. डांबराची पिंपं होती. पेडण्याच्या पुढे एका वळणावर माणसं गोळा झाली होती. तो पाय टेकवून उभा राहिला आणि माणसांच्या पायांमधून पलीकडे बघत राहिला. मासळीवाली होती, बांगडे आले होते. एकाने त्याला विचारलं, "काय होया?" त्याने स्कूटर पुढे काढली. पालयेच्या पुढे रस्ता समुद्राच्या अंगाला वळतो. तिथून नदीचं मुख दिसू लागलं तेव्हा त्याने पाण्याकडे पाहायचं टाळलं.

गाडी बोटीवर होती; बोट सुटायला उशीर झाला होता. पुढच्या टोकाला, तोंड पैलतीराकडे करून, धुऊन पुसून काळीभोर. मागे मासळीचं पिकअप, दोनचार स्कूटरी, चालते उतारू. बोटीची फळी वर उचलली जाऊ लागली होती आणि शांतारामने स्कूटर तशीच तिच्यावर घातली.

"रे ये," बोट चालवणारा तांडेल विठ्ठल वरून ओरडला, "बोट काय सासऱ्यान आंदण दिल्यान?"

यशवंत कठड्याला टेकून उभे होते. त्यांची बायको सुमंगला मागच्या सीटवर फळांची परडी मांडीवर घेऊन बसली होती, आणि पुढे देवकीबाई, ताठ, समोर बघत.

"मेस्ता? तू इथे कसा?"

"झाकण उघडा."

"काय झालं?"

"आदी उघडा."

चढताना ठक् झालं होतं, यशवंतनी सांगितलं, पण उतारच होता, रेस द्यावी लागली नाही. शांतारामने लांब पाना इंजिनाच्या डाव्या पायाखाली घातला आणि हाताने वर दाबला. फार जोर लावावा लागला नाही. इंजीन उठलं. पट्टा तोंड उघडावं तसा उघडला, आत एकाच कापडाच्या थराचे धागे ताणलेले दिसले. आणि कुणी हात न लावता पंपाची खिटी फिरली.

यशवंत ते बघत राहिले. "म्हणजे धारगळला..."

"होय."

"तू म्हणालास बसेल म्हणून."

"म्हटलंय."

बोट मधोमध आली होती, गढूळ पाणी बाजूने जोरात समुद्राकडे चाललं होतं. विठ्ठल खाली उतरून आला, वाकला, आणि शिटी घातल्यासारखा श्वास सोडला.

"ओहोटी आसा," तो म्हणाला. "पलीकडचो चढ बघितलंस? भरती आसती तर सरळ वर. आता भिंत चढल्यासारख्या जातला. आणि केरीक परत न्हेलंय तर थंयसरय तोच चढ."

आधी ढकलून पाहिलं. बोट टेकली, फळी पडली, पिकअपचा ड्रायव्हर आणि उतारू मागून लागले. देवकीबाईंना उतरायला सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "चलत गेलंय तर भाव काय म्हणात?"

"आई, तो इथे नाही बघायला," सुमंगला म्हणाली. "उतरा."

"तेका कोण ना कोण सांगतलो." पण त्या उतरल्या, शालूचा काठ वर धरून, आणि सुनेचा हात न घेता चढ चढून गेल्या.

गाडी फळीवरून चढावर आली आणि तिथेच राहिली. दगडांना शेवाळ होतं. माणसांचे पाय सुटत होते. एक उतारू गुडघ्यावर पडला. गाडी हातभर मागे आली, सगळ्यांना घेऊन, आणि यशवंतनी हातब्रेक ओढला म्हणून थांबली. मागे फळी, फळीच्या दोन्ही बाजूंना पाणी. पलीकडे ओढायला दुसरी गाडी नव्हती. उतारू तेवढे उभे होते. ढकलणारे एकेक करून बाजूला झाले. पिकअपवाल्याने हात पुसत म्हटलं, "म्हातारेक पाठीर घेवन न्हेलो आसतंय. ह्या खुराड्याक नाय."

शांतारामने विठ्ठलकडे दोर मागितला. बोट बांधायचा जुना नायलॉनचा दोर मिळाला. इंजिनाच्या डाव्या पायावरून आणि चासीखालून त्याने त्याचे वेढे दिले, पान्याचा दांडा घालून पीळ भरला, पीळ सुटू नये म्हणून दांडा बांधून टाकला. मग एक्सिलेटरचा दांडा पंपावरून काढून बाजूला टाकला. फळांच्या परडीची सुतळी सुमंगलाने सोडून दिली. ती त्याने पंपाच्या खिटीला बांधली आणि झाकणाच्या फटीतून, खिडकीतून आत घेतली. आता रेस फक्त हाताने मिळणार होती, आणि हात सोडला की बंद.

"मी बसतो," यशवंत म्हणाले. "गाडी माझी आहे."

"फौंडेशन माझा," शांताराम म्हणाला आणि दार लावून घेतलं. मग काच खाली करून वर ओरडला, "समोर कोण उबी रवा नकात. वयनी, थंयसून बाजूक व्हा."

देवकीबाई चढाच्या माथ्यावर, बरोबर मधोमध उभ्या होत्या. त्या दोन पावलं सरकल्या.

इंजीन चालू झालं. ठक् झालं, पण दबकं. त्याने सुतळी ओढली, क्लच सोडला. दोर करकरला. गाडी चढू लागली, मागची चाकं शेवाळावर फिरत, मग दगड पकडत. अर्ध्या चढावर त्याला पायाखालची फरशी उचलल्यासारखी वाटली. गिअरबॉक्स इंजिनाबरोबर वर येत होता. शेवटचा थर गेला होता. पंखा रेडिएटरला लागला आणि लोखंड कापल्यासारखा आवाज नदीभर गेला. त्याने सुतळी सोडली असती तर इंजीन खाली बसलं असतं आणि गाडी मागे गेली असती. त्याने ती बोटाला आणखी एक वेढा देऊन धरली. झाकणाखालून वाफ आली, काचेवर पसरली, समोरचं दिसेनासं झालं. चाकांखाली सपाट लागलं तेव्हा त्याने सुतळी सोडली. एक्सिलेटरचा दांडा जागेवर असता तर इंजीन या क्षणी आणखी पेटून उठलं असतं आणि गाडी समोरच्या कुंपणाच्या, चिऱ्यांच्या गडग्यात गेली असती. ती तशीच घरंगळत जाऊन गडग्याच्या अलीकडे उभी राहिली. त्याने स्टॉपर खेचला.

सगळं शांत झाल्यावर पाण्याची धार रस्त्यावर पडत असलेली ऐकू आली. दोराचे दोन वेढे तुटले होते, एक धरून होता.

यशवंत वर आले, त्यांनी झाकणाखाली बघितलं आणि ते पुन्हा मिटलं. सुमंगलाने शांतारामच्या हाताकडे पाहिलं. सुतळीने बोट कापलं होतं. देवकीबाई गाडीला वळसा घालून आल्या, दार उघडलं, सीटवरची आपली पिशवी काढून घेतली.

"रिक्षा बघ," त्यांनी मुलाला सांगितलं. मग शांतारामकडे न वळता म्हणाल्या, "माका कोणीतरी सांगूक होया होता. माझ्या घोवाची गाडी ही. मी दोन महिने सांगत होतंय, ठक् जाता म्हणान."

रिक्षा आली, ते तिघं रेडीकडे गेले. शांताराम गाडीजवळ थांबला. पिकअप चढ चढून वर आलं आणि त्याच्या बाजूने गेलं तेव्हा तो त्याच्या इंजिनाचा आवाज ऐकत राहिला. आणि तेव्हा, तेरेखोलच्या त्या रस्त्यावर, त्याला बाकीच्या गाड्या आठवू लागल्या.

पुढचे काही आठवडे त्याने दुसरं काम घेतलं नाही. ज्यांना त्याने बोल्ट नसलेली फौंडेशनं बसवून दिली होती ते आठवत, विचारत तो फिरला. मये, कारापूर, साखळी, पीर्ण. गाडीखाली शिरे, आरपार भोक पाडी, बोल्ट घाली. लोक म्हणत, आता थरथरते की रे, आधीचंच बरं होतं. तो म्हणे, थरथरू दे. यशवंतच्या गाडीला त्याने स्वतः जाऊन बोल्ट घातला, वर एक साखळीही बांधून दिली. यशवंतनी गाडी ठेवून घेतली, पण त्याला चहा विचारला नाही. देवकीबाई पुन्हा तिच्यात बसल्या नाहीत.

एक गाडी सापडली नाही. पांढरी, मागे बाकडी टाकलेली, डाव्या दारावर कुणा शाळेचं नाव अर्धं पुसलेलं. पेट्रोल काढून डिझेल बसवलेली. ड्रायव्हर घाईत होता, नाव सांगितलं नव्हतं. दोडामार्गाच्या बाजूचा असावा, बोलण्यावरून शांतारामला तसं वाटलं होतं. तो दोडामार्गापर्यंत गेला, भेडशीला गेला, शाळांच्या दारांत उभा राहिला. शिपायांनी त्याला हाकललं. जानकीने एकदा म्हटलं, "विकल्यान आसात. मोडीत गेली आसात." तो म्हणाला, "आसात," आणि जेवत राहिला.

शेडीसमोरच्या चढावर संध्याकाळी खाणीचे ट्रक येतात, मधे मधे इतर गाड्या. पांढरी दिसली की शांताराम हातातलं काम ठेवतो आणि रस्त्यावर येऊन उभा राहतो. बाकडी टाकलेली असली तर हात करतो. काही थांबतात, तो गुडघे टेकून खाली वाकतो, डाव्या बाजूला बघतो, आणि जा म्हणून खूण करतो. काही थांबत नाहीत. त्या चढ चढून वळणाआड जाईपर्यंत तो तिथेच उभा असतो.